दिसतं ते लोह वेगळं, नडतं ते वेगळं

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, दहावीत. आठ महिन्यांची असताना थॅलेसेमिया मेजर निघाला, म्हणजे अंगात पुरेसं रक्त बनतच नाही. तेव्हापासून रक्त चालू आहे, आता दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या. आम्ही चिपळूणजवळ राहतो. लोह उतरवायची डेफेरासिरॉक्सची गोळी नऊ वर्षं चालू आहे. दीड वर्षापूर्वी फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 4,200 होतं, आता 2,800 आलंय, म्हणून आम्ही खुशीत होतो. टू-डी एको नॉर्मल. पण डॉक्टरांनी मुंबईला पाठवून पहिल्यांदाच हृदयाचा एमआरआय करून घेतला. त्यात ‘टी-टू-स्टार 13 मिलिसेकंद’ असं आलं. आता डेफेरिप्रोन नावाची दुसरी गोळी वाढवणार आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं म्हणतात. फेरिटिन उतरतंय, एको चांगला, पोरगी सायकलवरून शाळेत जाते, मग हे काय नवीन? एमआरआय चुकला असेल का? जाऊबाई म्हणतात, काळजाला गंज चढला की तो उतरत नाही. मी घरात बीट, खजूर सगळं बंद केलंय. रात्री झोप लागत नाही.

आणखी एक. गेल्या आठवड्यात तिच्या जुन्या कंपासपेटीत एकोणीस गोळ्या सापडल्या. अजून कोणालाच बोलले नाही.

– एक आई

ताई,

एमआरआय चुकलेला नाही. आणि जाऊबाईंचं म्हणणंही खरं नाही, तो गंज उतरतो. सावकाश उतरतो, पण उतरतो. हे दोन्ही आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्ही जरा निवांत वाचाल.

आधी हिशेब करू. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. तीन आठवड्यांनी दोन पिशव्या म्हणजे वर्षाला चौतीस-पस्तीस पिशव्या, म्हणजे जवळपास सात ग्रॅम लोह. तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट बाईच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन ग्रॅमच्या आसपास लोह असतं. तुमच्या लेकीला दर वर्षी त्याच्या दुपटीहून जास्त मिळतं. आणि जादा लोह बाहेर टाकायची वाट निसर्गानं माणसाला दिलेलीच नाही. घामातून, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जातं, तेवढंच. बाकीचं औषधानंच काढावं लागतं. रक्त बंद करता येत नाही, ते तिचं जगणं आहे. म्हणून गोळी हाही उपचाराचा तेवढाच मोठा भाग आहे, रक्ताच्या जोडीनं दिलेलं टॉनिक नव्हे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. फेरिटिन उतरतंय तर हृदय का भरलेलं? यकृत आधी भरतं आणि औषध सुरू झालं की आधी रिकामं होतं. हृदय उशिरा भरतं आणि फार उशिरा रिकामं होतं. रक्तातलं फेरिटिन बरंचसं यकृताचा हालहवाल सांगतं. शिवाय ताप आला, कावीळ झाली, कुठं जंतुसंसर्ग झाला तरी ते उड्या मारतं. तुमचं 4,200 चं 2,800 झालं ही खरोखर चांगली बातमी आहे, औषध काम करतंय याची खूण आहे. पण त्यावरून हृदयाचं काही कळत नाही. फेरिटिन हजाराच्या आसपासच असूनही हृदय भरलेलं असू शकतं आणि चार हजार असूनही स्वच्छ असू शकतं. मी दोन्ही प्रकारची मुलं पाहिली आहेत.

एकोचंही तसंच. हृदय किती जोरानं आकुंचन पावतं ते एको दाखवतो. लोहानं भरत आलेलं हृदय वर्षानुवर्षं नीट आकुंचन पावत राहतं, आणि एकोत फरक दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. 1990 च्या दशकात मी नवी होते तेव्हा आमच्याकडे फेरिटिन आणि एको एवढंच होतं. एक अठरा वर्षांचा मुलगा, क्रिकेट खेळणारा, एको नॉर्मल. दिवाळीनंतर छातीत धडधडतंय म्हणून आला. पायावर सूज, जिना चढवेना. आठवड्यात आमच्या हातातून गेला. त्याच्या आईनं मला विचारलं, ‘परवापर्यंत तर चांगला होता ना?’ चांगला नव्हताच. आम्हाला दिसत नव्हतं, इतकंच. हृदयातलं लोह एमआरआयनं मोजायची टी-टू-स्टार पद्धत लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2001 साली मांडली. त्यानंतर हृदय भरतंय हे आधीच कळू लागलं, औषध त्याप्रमाणे बदलता आलं आणि ब्रिटनमध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांचे लोहामुळे होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला मुंबईपर्यंत पिटाळलं त्याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

आता ‘गंज’ म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण सगळी गोम तिथंच आहे. शरीरातलं लोह एकाच रूपात नसतं.

रक्तात लोह वाहून न्यायला ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं. रिक्षा समजा. दर रिक्षात दोनच जागा, लोहाचे दोन अणू. निरोगी माणसात यातल्या तिसरा हिस्सा जागाच भरलेल्या असतात. तुमच्या लेकीच्या रक्तात जवळजवळ सगळ्या रिक्षा भरलेल्या. उरलेलं लोह मग पायी फिरतं, कुणाच्या ताब्यात नसलेलं, मोकाट. ट्रान्सफेरिनमधलं लोह पेशी दार उघडून मोजून घेते, नको असेल तेव्हा दार बंद करते. मोकाट लोहाला ते दार लागत नाही. प्रयोगशाळेतल्या अभ्यासातून असं दिसलंय की हृदयाच्या स्नायूत ते कॅल्शियमच्या दारानं घुसतं. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत यावं लागतं, म्हणून ते दार दिवसातून लाखभर वेळा उघडतं.

आत गेल्यावर पेशी आपला बचाव करते. ती लोह फेरिटिनच्या कणगीत भरते. फेरिटिन म्हणजे चोवीस तुकड्यांचा पोकळ गोळा, एकेका गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. (रक्ततपासणीत येतं ते याच फेरिटिनचं पाझरलेलं रूप. नाव एक, जागा वेगळी, म्हणून घोळ होतो.) कणग्या फार झाल्या की पेशी त्या मोडीत काढते. वरचं प्रथिन झिजतं, आतलं लोह एकमेकांना चिकटून त्याचे ढिगारे होतात. ते हिमोसिडेरिन. वर्षानुवर्षं रक्त घेतलेल्या थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या अवयवांतलं हे हिमोसिडेरिन शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा त्यातल्या काही लोहाची घडण गोएथाइट या खनिजासारखी निघाली. ताई, तुमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या असतील तर त्या चिऱ्याला जो तांबूस-पिवळा रंग आहे, त्यात हेच गोएथाइट असतं. जाऊबाईंचा ‘गंज’ शब्द त्या अर्थानं अगदी नेमका आहे. पण ज्या रुग्णांना लोह आनुवंशिक दोषामुळे आतड्यातूनच जास्त शोषलं जातं, त्यांच्या हिमोसिडेरिनची घडण निराळी, विस्कळीत असते. म्हणजे लोह कुठल्या वाटेनं आलं याचीही खूण त्या ढिगाऱ्यात राहते.

एमडी करताना मी असं हृदय हातात घेतलेलं आहे. रंग नेहमीचा लालसर नव्हता, जुन्या कढईच्या बुडासारखा तपकिरी होता. त्याची पातळ चकती करून पर्ल्सच्या रंगात बुडवली की जिथं जिथं लोह तिथं निळं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर एकेका स्नायुपेशीत मधोमध निळ्या ठिपक्यांची गर्दी. कितीतरी वर्षं मला वाटायचं, हे निळे ठिपकेच हृदयाला मारतात.

तसं नाही. ठिपक्यांतलं लोह बांधलेलं असतं. एमआरआयमध्ये दिसतं तेही हेच, फेरिटिन आणि हिमोसिडेरिन. हे साठे बारक्या लोहचुंबकांसारखे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतात, त्यामुळे यंत्राला येणारा सिग्नल लवकर विझतो. किती मिलिसेकंदांत विझतो तो तुमचा टी-टू-स्टार. म्हणून आकडा जितका कमी तितकं लोह जास्त. खरं नुकसान करतं ते कणगीत न गेलेलं, पेशीत सुटं फिरणारं लोह. मात्रा अगदी थोडी, इतकी की एमआरआयला ते दिसत नाही आणि निळा रंगही त्याला लागत नाही. पण तेच ऑक्सिजनशी खेळून जहाल कण तयार करतं, ते कण पेशीच्या पडद्याला, ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, ठोका नीट ठेवणाऱ्या यंत्रणेला जाळतात. कणग्या जेवढ्या गच्च, तेवढी सांडलवंड जास्त. म्हणून साठा मोजायचा.

यातूनच तुम्हाला सगळ्यात जास्त धीर देणारी गोष्ट निघते. साठा रिकामा व्हायला वर्षं लागतात, पण सुटं लोह औषध पोटात गेल्यावर काही तासांत बांधलं जातं. हृदय अगदी दुबळं झालेल्या रुग्णांना डेस्फेराल या लोह बांधणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिवसरात्र शिरेतून चालू ठेवलं की हृदयाची ताकद आधी सुधारू लागते आणि एमआरआयचा आकडा मागाहून, संथपणे हलतो. म्हणजे संरक्षण आजपासून सुरू होतं, आकडा वीसवर जायची वाट बघावी लागत नाही.

आणि याची दुसरी बाजू. औषध रक्तातून उतरलं की सुटं लोह लगेच डोकं वर काढतं. शनिवारी-रविवारी न घेतलेली गोळी सोमवारी दोन घेऊन भरून निघत नाही. ते दोन दिवस हृदय उघडं होतं.

तुमचा 13. वीसच्या वर असेल तर हृदय सुखरूप समजतात. दहा ते वीस म्हणजे लोह शिरलेलं आहे, वेळ मात्र हातात आहे. दहाच्या खाली धोका. ब्रिटनमधल्या थॅलेसेमियाच्या रुग्णांवर 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ज्यांचं हृदय निकामी व्हायला लागलं त्यांतल्या 98 टक्के रुग्णांचा टी-टू-स्टार दहाच्या आत होता. सहाच्या आत असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना वर्षभरात तो त्रास झाला. तुमची लेक त्या रेषेच्या अलीकडे आहे. योग्य वेळी सापडली.

दुसरी गोळी का, तर डेफेरिप्रोनचा रेणू लहान असतो, त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो हृदयाच्या पेशीत सहज शिरून लोह घेऊन बाहेर येतो. हृदयासाठी ती फार गुणाची गोळी आहे. नवीन म्हणून घाबरू नका. जगात तिला पहिल्यांदा परवानगी मिळाली ती भारतातच, 1990 च्या दशकात. आपल्या मुलांनी ती तीस वर्षं घेतली आहे. तिचा असर लवकर उतरतो म्हणून दिवसातून तीनदा घ्यावी लागते. लघवी तांबडट होईल, ते लोहच बाहेर पडतंय, रक्त नव्हे. सांधे दुखू लागले, मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

एका बाबतीत मात्र अजिबात हयगय नको. शंभरात एखाद्या रुग्णात या गोळीनं रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी एकदम कोसळतात, आणि त्या नसल्या की साधा घसादुखीचा जंतूही जिवावर बेततो. म्हणून ती आठवड्याची तपासणी. चिपळुणातल्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये सीबीसी होते, त्यात न्यूट्रोफिलचा आकडा बघायचा. ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले तर डेफेरिप्रोन त्या क्षणी बंद आणि त्याच दिवशी सीबीसी, रविवार असो की गणपती. पॅरासिटामॉल देऊन ‘उद्या बघू’ करू नका. हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, शाळेतल्या वर्गशिक्षकांना आणि गावातल्या डॉक्टरांनाही त्याची झेरॉक्स द्या. डेफेरासिरॉक्सचं वेगळं: जुलाब-उलट्यांनी अंग कोरडं पडलं तर त्या दिवशी ती चालू ठेवायची का, हे फोन करून विचारा, कारण ती मूत्रपिंडावर ताण आणते. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि यकृताच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे चालू असतीलच.

बीट आणि खजुराबद्दल. एका पिशवीतून मिळतं तेवढं लोह जेवणातून शोषायला निरोगी माणसाला सहा-सात महिने लागतात. त्या तुलनेत ताटातलं बीट काहीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातलं साधं जेवण मोकळेपणानं जेवू द्या. बंद करायचंय ते वेगळं: लोहाची टॉनिकं, ‘रक्त वाढवणारी’ चाटणं, आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या. सी जीवनसत्त्वाची मोठी मात्रा साठ्यातलं लोह सुटं करते. वर सांगितलेला सगळा प्रकार आठवा म्हणजे ते हृदयाला का वाईट ते लक्षात येईल. लिंबू, पेरू चालतील. सी जीवनसत्त्वाची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

आता कंपासपेटी.

ताई, तुम्ही अजून काही बोलला नाहीत हे फार बरं केलंत. पंधराव्या वर्षी गोळ्या लपवणारं ते काही पहिलं लेकरू नाही. माझ्या डे-केअरमध्ये, म्हणजे रक्त चढवायच्या वॉर्डात, या वयाच्या मुलांपैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी हे केलेलं आहे, आणि त्यांत आळशी किंवा बेफिकीर असं कोणी नव्हतं. पाण्यात विरघळवून घ्यायची ती गोळी खडूच्या पाण्यासारखी लागते. सकाळी उपाशीपोटी ती घ्यायची, मळमळत सायकल मारायची, वर्गात पोटात गुडगुडतंय हे लपवायचं. आणि न घेतली तर काहीच होत नाही. लोहाचा हाच खरा दगा आहे, चुकवलेल्या गोळीचं दुखणं त्या दिवशी दुखत नाही.

तेव्हा रागावू नका, पण लपवूही नका. दोघीच असताना पेटी तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, गोळीचं काय जमत नाहीये? मग ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. डॉक्टरांना एकोणीसचा आकडा खरा सांगा. ‘रोज घेते’ असं समजून त्यांनी औषध वाढवलं असेल तर त्यांना हे कळायलाच हवं, नाहीतर डोस चुकीच्या हिशेबानं ठरेल. डेफेरासिरॉक्स आता वरून लेप दिलेल्या गोळीतही मिळतं. ती सरळ गिळायची, हलक्या खाण्याबरोबर चालते, पोटाला कमी त्रास देते. तिचे मिलिग्रॅम वेगळे असतात, जुन्या गोळीएवढाच आकडा चालत नाही, म्हणून दुकानातून परस्पर बदलू नका. वेळही बदलता येते. रात्रीच्या जेवणाच्या वेळी घेणारी मुलं जास्त नियमित राहतात असा माझा अनुभव आहे. डेफेरिप्रोनची दुपारची गोळी शाळेत घ्यावी लागेल. ती डब्याच्या पिशवीत कुणाच्या डोळ्यावर येणार नाही अशी कशी ठेवायची, ते तिलाच ठरवू द्या.

आणि पुढचा मजकूर तिला वाचायला द्या.

बाळ, तुझा अहवाल तुझ्या हृदयाचा आहे, आईचा किंवा डॉक्टरांचा नाही, म्हणून तू तो स्वतः बघावास असं मला वाटतं. 13 हा आकडा तुला भीती घालायला मी सांगत नाही. तू दहावीत आहेस, आलेख काढता येतो. एका वहीत आडव्या रेघेवर महिने लिही, उभ्या रेघेवर टी-टू-स्टार, पहिला ठिपका 13 वर दे. पुढचा ठिपका वर्षानं पडेल. नियमित औषध घेणाऱ्या मुलांचा हा आलेख वर चढताना मी पाहिला आहे, कुणाचा दोन-तीन वर्षांत वीसवर, कुणाला जास्त वेळ लागला. गोळी नकोशी झाली की ‘आज नको वाटतेय’ हे आईला सांगत जा, ते सांगण्यात चुकीचं काही नाही. त्यावर काहीतरी तोड काढता येते. छातीत अचानक धडधडलं, चक्कर आली, नेहमीच्या चढावर दम लागला तर मात्र परीक्षा संपायची वाट न बघता त्याच दिवशी सांग. माझ्या पहिल्या पहिल्या मुलांपैकी दोघी आता चाळिशीला आल्या आहेत. एक बँकेत आहे, एकीला मुलगा आहे. त्यांनीही गोळ्या लपवल्या होत्या, एकीनं तर कुंडीत पुरल्या होत्या.

ताई, थोडं राहिलं. लोह हृदयाबरोबर मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीत, स्वादुपिंडात, थायरॉइडमध्येही बसतं. या वयात उंची, पाळी, साखर, थायरॉइड यांची तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. पाळी अजून सुरू झाली नसेल तर ते संकोचानं मागे ठेवू नका. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात थॅलेसेमियाच्या औषधांची चौकशी करा, आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. 2016 च्या कायद्यात थॅलेसेमिया आहे. घरात लग्नाचं कुणी असेल, तिचा मामा, मावशी, चुलत-मामे भावंडं, त्यांची एचबीए-टू तपासणी लग्नाआधी करून घ्या. स्वतःला आजार नसला तरी त्याचा दोष अंगात आहे का, म्हणजे माणूस वाहक आहे का, ते तिच्यात कळतं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार व्हायची शक्यता चारात एक असते. ती तुमच्या वाट्याला आली, यात तुमच्या दुधाचा, रक्ताचा, नवसाचा काही दोष नाही. हे मी न विचारता लिहितेय, कारण हा प्रश्न मला प्रत्येक आईनं एकदा तरी विचारलेला आहे.

पुढचा एमआरआय बारा महिन्यांनी, शक्यतो त्याच यंत्रावर, म्हणजे दोन आकडे एकमेकांशी ताडता येतील. जुना अहवाल आणि सीडी बरोबर न्या, जाताना मुलीला सुती कपडे घाला, केसातल्या पिना काढायला सांगा. आत श्वास पुन्हा पुन्हा धरायचा असतो, त्याची घरी आठ-दहा दिवस आधीपासून सवय करा. दुसरा ठिपका पडला की मला दोन ओळी नक्की लिहा, आणि त्या तिनं लिहिल्या तर मला जास्त आवडेल.